ड्रोनसाठी रोड ट्रिप: आखणी कशी करावी?

खिडकीजवळ

नमस्कार मंडळी.

आम्ही चौघं गाडीनं आठवडाभराच्या ट्रिपला निघतोय. आजवर ड्रोन सोबत असायचा, पण आधी भटकंती आणि वेळ उरलाच तर उड्डाण, असा क्रम. या वेळी तो उलटा करायचाय. रस्ता, मुक्काम, उठायच्या वेळा, सगळं ड्रोनच्या सोयीनं.

ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला आहे, बॅटऱ्या तीन. मार्गात समुद्रकिनारा, एक खोल अरुंद दरी, घाटरस्ता, धरणाचा जलाशय आणि शेवटी तीन हजार मीटर उंचीचं पठार येतं. उपग्रह नकाशा बघून बघून पंधरा-सोळा ठिकाणांवर खुणा केल्यात. रोज दोन-तीन ठिकाणं सहज होतील असा अंदाज आहे.

एवढी ठिकाणं जमतील का? कुठलं ठिकाण कुठल्या वेळी गाठावं? बॅटऱ्या गाडीत चार्ज करायचं गणित कसं बसवता? शिवाय मार्गात एका देशाची सीमा ओलांडायची आहे आणि दोन्हीकडचे नियम सारखे नाहीत, तर त्याची तयारी कशी करावी?

कुठे जायचं ते ठरलंय, त्यामुळे नवी ठिकाणं सुचवण्यापेक्षा आखणीबद्दल बोललात तर फार उपयोग होईल.

रानवारा

यादी अर्ध्यावर आणा. अर्ध्याहूनही कमी केलीत तर अजून चांगलं. खालचं सगळं याच एका मुद्द्यासाठी लिहितोय.

आधी बॅटरीचा हिशोब. खोक्यावर तीस-पस्तीस मिनिटं छापलेलं असतं. ते वारा नसताना, एका ठरावीक वेगानं, बॅटरी पार संपेपर्यंत उडवून मोजलेलं असतं. परतीसाठी २५-३० टक्के राखून ठेवलेत तर हातात वीस मिनिटं येतात. तीन बॅटऱ्यांचा मिळून एक तास. हा तास तीन ठिकाणांत वाटलात तर प्रत्येक जागी एकच उड्डाण. त्यातली पहिली पाच मिनिटं जागा समजून घेण्यातच जातात, कारण वरून जागा कधीच नकाशातल्यासारखी दिसत नाही. मग घाईघाईत चार शॉट घ्यायचे आणि पुढे पळायचं.

आता उजेड. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असताना सावली वस्तूच्या उंचीएवढी पडते. १० अंशांवर ती साडेपाच पटींहून लांब होते. ड्रोनचा कॅमेरा बहुतेक वेळा खाली झुकलेला असतो, त्यामुळे जमिनीचा चढउतार त्याला सावलीवरूनच कळतो. तीच टेकडी दुपारी सपाट दिसते आणि सकाळी तिची प्रत्येक घडी उठून येते. म्हणजे उजेडाचे खरे तास दोनच, सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा.

आणि वारा. पहाटे हवा स्थिर असते. ऊन तापलं की किनाऱ्यावर समुद्राकडून वारा सुरू होतो आणि दुपारी जोर धरतो. डोंगरात दिवसा वारा दरीतून वर चढतो, रात्री खाली उतरतो. त्यामुळे दोन चांगल्या तासांपैकी सकाळचाच बहुतेक वेळा जास्त भरवशाचा.

या तिन्हींचा मेळ घातला की दिवस आपोआप असा आखला जातो: दुपारभर गाडी चालवायची आणि चालवता चालवता बॅटऱ्या भरायच्या. सूर्यास्ताआधी दोन तास मुक्कामाजवळच्या जागी पोचायचं. पायी फिरून तारा, झाडं, माणसं, उड्डाणाची जागा बघून घ्यायची. संध्याकाळी एक-दीड बॅटरी खर्च करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी परत जायचं. उजेड आता विरुद्ध बाजूनं येतोय, वारा पडलाय, जागा ओळखीची झालीय. तिथून पुढचा रस्ता धरायचा.

आठवड्यात अशी सहा ठिकाणं होतील. सोळा खुणांमधून सहा निवडणं जिवावर येतं हे मान्य, पण खरं काम तेच आहे.

पायवाट

रानवारा यांच्याशी सहमत, फक्त दोन अपवाद नोंदवते. योगायोगानं दोन्ही तुमच्या मार्गावर आहेत.

एक, उथळ समुद्र. पाण्याचा रंग, तळची वाळू, खडकांचे पट्टे दिसायला सूर्य उंच हवा. तिरप्या उन्हात पाणी आरशासारखं आकाश परावर्तित करतं आणि तळ दिसतच नाही. तेव्हा किनाऱ्याचा शॉट सकाळी उशिरा, वारा सुटायच्या आत. कॅमेऱ्याला पोलरायझर, म्हणजे पाण्यावरची चकाकी कमी करणारा फिल्टर, असेल तर नक्की लावा.

दुसरा अपवाद अरुंद दरीचा. तिच्या तळाशी ऊन पोचतं ते जेमतेम मध्यान्हीला. सकाळी अर्धी भिंत लख्ख आणि अर्धी काळीकुट्ट असते, आणि एवढा फरक कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरला झेपत नाही. ढगाळ दिवस दरीसाठी राखून ठेवा, मऊ उजेडात दगडाचे रंग सुरेख येतात.

समांतर

नियमांबद्दल मी लिहितो. हे काम निघण्याआधी घरी बसूनच उरकायला हवं.

प्रत्येक जागेसाठी तीन वेगळे प्रश्न असतात आणि लोक पहिल्यावरच थांबतात. हवाई हद्दीत परवानगी आहे का? ज्या जमिनीवरून उडवणार तिच्या मालकाची किंवा खात्याची परवानगी आहे का? आणि तुमची स्वतःची नोंदणी, चाचणी, विमा वगैरे पूर्ण आहे का?

जमिनीचा प्रश्न किती महत्त्वाचा ते अमेरिकेत दिसतं. तिथे साधारणपणे ४०० फुटांपर्यंत मुभा आहे, पण २०१४ पासून राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीत ड्रोन उडवणं, उतरवणं, चालवणं बंद आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांतही परवान्याशिवाय उडवता येत नाही. न्यूझीलंडमध्ये निसर्गसंवर्धन खात्याच्या जमिनीसाठी वेगळा परवाना लागतो. नकाशावर सर्वांत देखण्या दिसणाऱ्या जागा नेमक्या अशाच खात्यांच्या ताब्यात असतात, म्हणून तुमच्या सोळा खुणांपैकी बऱ्याचशा इथेच गळतील.

वजनाबद्दल. २५० ग्रॅमच्या आत असल्यानं सवलत मिळते, पण ती देशागणिक वेगळी. युरोपीय संघात ३१ डिसेंबर २०२० पासून सामायिक नियम आहेत. कमाल उंची १२० मीटर, आणि ड्रोन हलका असला तरी त्यावर कॅमेरा असेल तर चालवणाऱ्याची नोंदणी लागते. एका सदस्य देशातली नोंदणी बाकीच्या सदस्य देशांतही चालते. जर्मनीत विमा सक्तीचा आहे. अमेरिकेत हौशी उड्डाणासाठी एवढ्या हलक्या ड्रोनची नोंदणी लागत नाही, पण मोफत ऑनलाइन सुरक्षा चाचणी द्यावीच लागते. भारतात ड्रोन नियम २०२१ नुसार हवाई नकाशाचे हिरवा, पिवळा, लाल असे भाग आहेत. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट. उद्यानांची बंदी मात्र बहुतेक ठिकाणी वजन बघत नाही.

तुम्ही सीमा ओलांडताय म्हणून मुद्दाम सांगतो: काही देशांत ड्रोन आणणंच चालत नाही. मोरोक्कोत पर्यटकाच्या सामानात ड्रोन सापडला तर कस्टम्स तो ठेवून घेतं. उडवणार नाही म्हटलं तरी फरक पडत नाही.

आणखी एक. अ‍ॅपनं अडवलं नाही म्हणजे परवानगी आहे, असं समजू नका. डीजेआय या ड्रोन बनवणाऱ्या कंपनीनं जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत उड्डाण अडवणारी कुंपणं काढून त्या जागी फक्त इशारे ठेवले. ड्रोन मुकाट्यानं वर जातो, जबाबदारी पूर्ण तुमची. प्रत्येक देशाच्या विमान वाहतूक प्राधिकरणाचा अधिकृत नकाशा बघा आणि त्याचे स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा, कारण त्या जागी पोचल्यावर रेंज असेलच असं नाही.

जाता जाता: धरणाचा जलाशय यादीत आहे. धरणाची भिंत, वीजगृह, तुरुंग, लष्करी ठाणी यांच्याभोवती बहुतेक देशांत मनाई असते. जलाशयाचं भिंतीपासून लांबचं टोक बघा, तिथे दृश्यही बहुधा जास्त चांगलं असतं.

माळरान

+१. वाचनखूण साठवली.

खिडकीजवळ

सगळ्यांचे मनापासून आभार. समांतर यांचा प्रतिसाद वाचून रात्री नकाशे उघडून बसले. सोळापैकी सात खुणा गेल्या. एक जागा पक्षी अभयारण्यात निघाली, तीन राष्ट्रीय उद्यानात, दोन विमानतळाच्या जवळ आणि एक धरणाची भिंत.

वाऱ्याबद्दल विचारायचंय. हवामानाच्या अ‍ॅपवर ताशी १२ किलोमीटर वगैरे आकडा दिसतो आणि आमचा ड्रोन ताशी ३८ पर्यंत टिकतो असं माहितीपत्रकात आहे. मग १२ म्हणजे निर्धास्त ना?

रानवारा

नाही, आणि यात तीन गोष्टी गुंतलेल्या आहेत.

अ‍ॅपवरचा आकडा सहसा जमिनीपासून १० मीटरवरचा असतो, तोही एका मोठ्या चौकोनाची सरासरी. तुम्ही १०० मीटरवर जाणार, तिथे वारा जास्त. कड्याच्या किंवा खिंडीच्या तोंडाशी तर वारा दाबला जाऊन आणखी वेगानं सुटतो. त्यामुळे सरासरीपेक्षा झोतांचा आकडा बघा आणि वेगवेगळ्या उंचीवरचा वारा दाखवणारं अ‍ॅप वापरा.

दुसरं, ३८ म्हणजे सेकंदाला साधारण साडेदहा मीटर. एवढ्या वाऱ्यात ड्रोन जागेवर तग धरेल, पण त्याला परत येता आलं पाहिजे. समजा नेहमीच्या मोडमध्ये त्याचा वेग सेकंदाला १० मीटर आहे आणि वर ८ मीटरचा वारा आहे. वाऱ्याबरोबर ६०० मीटर जाणं अर्ध्या मिनिटाचं काम, फार सुखाचं वाटतं. परतताना हाती उरतात सेकंदाला २ मीटर, म्हणजे पाच मिनिटं, आणि तीही मोटारी पूर्ण जोर लावत असताना. शांत हवेत तेच अंतर एका मिनिटाचं. म्हणून आधी वाऱ्याविरुद्ध जायचं आणि वाऱ्याबरोबर परतायचं. परतताना ड्रोन पुढे सरकत नसेल तर आधी उंची कमी करा, खाली वारा कमी असतो. तरीही जमेना तर स्पोर्ट मोड, म्हणजे ड्रोनचा सर्वांत वेगवान मोड.

तिसरी गोष्ट डोंगराच्या पाठची. वारा कड्यावरून ओलांडून पलीकडे उतरतो तिथे भोवरे असतात, हवा वरून खाली ढकलते. जमिनीवर मात्र तीच बाजू शांत, आडोशाची वाटते. त्या आडोशातून उडवून कड्याच्या माथ्यावर नेलात की एकदम झोतात शिरता.

मी जागेवर काय करतो ते सांगतो. आधी ड्रोन तीन मीटरवर मिनिटभर थांबवतो. मग तीसवर, मग साठवर, प्रत्येक टप्प्यावर रिमोटच्या काठीवरून बोट काढून. वारा असेल तर जागा न सोडता ड्रोन एका अंगानं कलतो. तो कल नुसत्या डोळ्यांनी दिसतो आणि वारा कुठून येतोय तेही कळतं. मोटारींचा आवाज चढा, वरखाली व्हायला लागला तर झोत आहेत. साठ मीटरवर स्क्रीनवर वाऱ्याचा इशारा आला की तिथून वर जायचं नाही, आसपासचंच काहीतरी टिपायचं. हे सगळं दीड-दोन मिनिटांत होतं आणि पुढचं उड्डाण निवांत जातं.

पायवाट

याला जोडून दरीबद्दल, कारण दरीत ड्रोन हरवण्याची कारणं वेगळी असतात.

स्क्रीनवर दिसणारी उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते, खालच्या जमिनीपासून नाही. कड्यावर उभं राहून ड्रोन सरळ पुढे नेलात की आकडा ० दाखवत राहतो आणि खाली जमीन तीनशे मीटरवर गेलेली असते. उलट, घाटाच्या पायथ्याशी उडवून चढाच्या दिशेनं नेलात तर आकडा ८० दाखवतो आणि झाडांचे शेंडे अगदी पोटाशी आलेले असतात. युरोपच्या नियमात १२० मीटर हे जमिनीच्या सर्वांत जवळच्या बिंदूपासून मोजतात, कड्याची भिंतही त्यात आली. म्हणजे भिंतीला धरून उतरता येतं, पण दरीच्या मधोमध अधांतरी जाता येत नाही.

सिग्नल तुटला की ड्रोन आपोआप उड्डाणाच्या जागी परत येतो, त्याला आरटीएच म्हणतात. त्याची उंची प्रत्येक जागी नव्यानं ठरवा. आजूबाजूच्या सर्वांत उंच झाडाच्या, टेकाडाच्या, तारेच्या वर. कालच्या किनाऱ्यावर ठेवलेली ३० मीटर उंची आज दरीत तशीच राहिली तर सिग्नल तुटल्यावर ड्रोन तीस मीटरवर येऊन सरळ भिंतीच्या दिशेनं निघेल. कड्याच्या टोकाआड ड्रोन गेला की सिग्नल हमखास तुटतो, म्हणून तो कायम नजरेच्या टप्प्यात ठेवा. बहुतेक देशांत तो नियमही आहे.

अरुंद दरीच्या तळातून उडवायचं टाळा. आकाशाची पट्टीच दिसते, त्यामुळे जीपीएसचे पुरेसे उपग्रह मिळत नाहीत आणि होम पॉइंट (ड्रोननं परत यायची जागा) नोंदला जात नाही. काठावरून उडवा, 'होम पॉइंट नोंदला' हे ऐकू आल्यावरच पुढे सरका.

गाडीच्या टपावरून किंवा बॉनेटवरून उडवणं पण नको. लोखंडानं होकायंत्र चळतं. ज्वालामुखीच्या काळ्या खडकावर आणि सळया घातलेल्या काँक्रीटवरही असं होतं. सपाट मोकळी जमीन बघा, धूळ असेल तर चटई टाका.

माळरान

बॅटऱ्यांचं कुणी लिहिलं नाही म्हणून.

तुमच्या आकाराची बॅटरी भरायला साधारण तास-सव्वा तास लागतो, आणि हलक्या ड्रोनसोबत येणारा तीन खणांचा चार्जर बहुधा एकेक बॅटरीच भरतो. तीन मिळून तीन-पावणेचार तास. दुपारचा प्रवास तेवढा असेल तर गणित बरोबर जमतं. गाडीच्या साध्या यूएसबी खाचेतून भरायला गेलात तर दिवस मावळेल. १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये बसणारा, ३० वॉट किंवा जास्तीचा पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे वेगानं भरणारा) चार्जर घ्या. कंट्रोलर आणि फोनलाही भूक असते, तेव्हा दोन खाचांचा घेतलेला बरा.

उड्डाण संपल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. अर्धा तास सावलीत ठेवा. उन्हात उभ्या गाडीचं आतलं तापमान सहज ५० अंशांपुढे जातं आणि लिथियम बॅटरीसाठी हे वाईटच. जेवायला उतरताना बॅटऱ्यांची पिशवी सोबत न्या. फुगलेली बॅटरी, थोडीशी जरी फुगलेली वाटली तरी, परत उडवायची नाही आणि चार्जही करायची नाही.

पठारावर दोन अडचणी एकदम येतात. तीन हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा पाव हिश्शानं विरळ असते. पंख्यांना तेवढीच उचल द्यायला जास्त जोरानं फिरावं लागतं, वीज जास्त जाते, आणि खाली उतरताना ब्रेक लागायलाही अंतर लागतं. वर सकाळची थंडी. गार बॅटरी ८० टक्के दाखवत असते आणि जोर दिला की व्होल्टेज धाडकन खाली येतं. रात्री बॅटऱ्या खोलीत घ्या, सकाळी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, आणि उडवल्यावर पहिलं मिनिट डोक्याच्या उंचीवर नुसतं तरंगू द्या म्हणजे बॅटरी आतून गरम होते. पठारावर वीस मिनिटांच्या जागी चौदा-पंधरा धरून चाला. शिवाय उड्डाणाच्या कमाल उंचीची मर्यादा माहितीपत्रकात दिलेली असते, तीही बघून घ्या.

उनाडवाट

सगळं छान चाललंय, पण एक बोलतो. नियम, वारा, बॅटरी यांच्या ओझ्याखाली ट्रिपची मजा जाऊ देऊ नका. एवढासा ड्रोन, आवाजही थोडासाच. पक्षी-प्राण्यांचा बाऊ जरा जास्तच होतो असं माझं मत. मार्गावर दहा ठिकाणं असतील तर दहाही करा, परत कधी जाणं होईल?

पायवाट

उनाडवाट, मजेच्या मुद्द्याला विरोध नाही. पण प्राण्यांच्या बाबतीत तुमचं म्हणणं पटत नाही, आणि याला आधार आहे.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या काळ्या अस्वलांवरचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ड्रोन वरून गेला तेव्हा बहुतेक अस्वलं पळाली नाहीत, बघणाऱ्याला ती शांतच वाटली. पण त्यांच्या शरीरात बसवलेल्या यंत्रांत हृदयाचे ठोके झपाट्यानं वाढल्याची नोंद होती. म्हणजे प्राणी हलला नाही यावरून त्याला त्रास झाला नाही, असं म्हणता येत नाही.

मे २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात बोल्सा चिका या राखीव पाणथळ जागेत एक ड्रोन सुरय पक्ष्यांच्या वसाहतीत कोसळला. घाबरून हजारो पक्षी वसाहत सोडून गेले आणि दीड-दोन हजार अंडी उघड्यावर पडली. एक ड्रोन, एक उड्डाण, आणि एका हंगामाची पिल्लं गेली. यलोस्टोनच्या ग्रँड प्रिझमॅटिक या गरम झऱ्यात ऑगस्ट २०१४ मध्ये एका पर्यटकाचा ड्रोन पडला, तोही तिथे बंदी असताना.

म्हणून कड्याच्या खबदाडीत विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले तर तिथे घरटी आहेत हे समजावं आणि जागा बदलावी. शिकारी पक्षी ड्रोनवर झेप घ्यायला लागला तर सरळ वर चढावं, कारण त्याला वरून हल्ला करायचा असतो आणि तेवढ्या वेगानं वर चढणं त्याला जड जातं. मग दूर जाऊन उतरवावा.

माणसांचंही तेच. सूर्योदय बघायला कुणी तास दीड तास चढून शांततेसाठी आलेलं असतं. मी आधी जाऊन सांगते की दहा मिनिटं उडवणार आहे, चालेल का. बहुतेक जण हो म्हणतात, काही जण स्क्रीन बघायला येतात. नको म्हणाले तर मी दुसरीकडे जाते.

उनाडवाट

अंड्यांचं हे ठाऊक नव्हतं. वाचून वाईट वाटलं. पक्ष्यांबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. दहा ठिकाणांचं मात्र घेत नाही.

निळीरेघ

घाटरस्त्यावर गाडीचा पाठलाग करणारा शॉट घ्यायचा मोह होणार, म्हणून थोडं लिहितो. चालवणारा एक, उडवणारा दुसरा, आणि नुसता ड्रोनकडे बघणारा तिसरा हवा. उडवणाऱ्यानं गाडीत बसून उडवू नये. वळण दिसेल अशा उंच जागी उभं राहावं आणि गाडीला खालून दोन-तीन फेऱ्या मारायला सांगावं. ड्रोन रस्त्याच्या डोक्यावर न ठेवता दरीच्या बाजूला ठेवावा, म्हणजे खाली दुसऱ्या गाड्या येत नाहीत.

घाटात सगळ्यात मोठा धोका तारांचा. तार कॅमेऱ्यात दिसत नाही, बारीक तार तर ड्रोनच्या सेन्सरलाही दिसत नाही. तारा शोधू नका, खांब शोधा. एका उतारावर खांब दिसला की समोरच्या उतारावर त्याचा जोडीदार असणार आणि मधली दरी तारेनं ओलांडलेली असणार.

जलाशयावर पाण्यापासून चार-पाच मीटरच्या खाली जाऊ नका. ड्रोनचे खालचे सेन्सर तळाची खूण बघून स्थिर राहतात, पाण्यावर त्यांना खूण मिळत नाही आणि ड्रोन हळूहळू खाली सरकतो.

चित्रणाचं थोडक्यात: सेकंदाला २४ फ्रेम असतील तर शटर १/५० च्या आसपास. उन्हात त्यासाठी एनडी फिल्टर (कॅमेऱ्यात शिरणारा उजेड कमी करणारी काच, आकडा मोठा तितकी गडद) लागतो, भर उन्हात एनडी३२, तिरप्या उन्हात एनडी८ किंवा १६. काठ्या हळू हलवा, एका वेळी एकच हालचाल, शॉट दहा-पंधरा सेकंद पूर्ण होऊ द्या. ४के चित्रण सेकंदाला १०० मेगाबिट या दरानं केलं तर वीस मिनिटांचे १५ जीबी होतात. रोज रात्री कार्डावरचं दुसरीकडे उतरवा आणि दोन्ही प्रती वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा.

खिडकीजवळ

काल चौघं बसून नवी आखणी केली. इथे लिहिते, काही खटकलं तर सांगा.

पहिला मुक्काम किनाऱ्यावर. संध्याकाळी फक्त जागा बघणार, सकाळी तिरप्या उन्हात खडकांचे शॉट आणि दहाच्या सुमाराला उथळ पाण्याचे. दरीपाशी दोन रात्री, म्हणजे ढगाळ मिळो की ऊन, एक दुपार तरी कामी येईल. काठावरून उडवणार, आरटीएचची उंची तिथे उभं राहून ठरवणार. घाटात फक्त एक वळण निवडलंय, जिथे गाडी बाजूला घ्यायला रुंद जागा आहे आणि खांब नाहीत असं उपग्रह नकाशात तरी दिसतं. प्रत्यक्ष बघूनच ठरवू. जलाशयाचं वरचं टोक, भिंतीपासून लांब. शेवटी पठारावर दोन रात्री, पहिला दिवस उंचीची सवय व्हायला.

एकूण पाच ठिकाणं. सीमेपलीकडची नोंदणी ऑनलाइन झाली, छापील प्रत गाडीत ठेवतोय. सॉफ्टवेअरचे अपडेट आणि ऑफलाइन नकाशे निघण्याच्या आठवडाभर आधीच करून एक चाचणी उड्डाण करणार, आयत्या वेळी काही अडायला नको.

एकच शंका उरली. पठारावर सकाळी धुकं असतं असं कळलंय. खालच्या दरीत ढग भरलेले आणि आपण वर, असा शॉट मिळाला तर सोनं होईल. अशा वेळी उडवावं का?

रानवारा

आखणी उत्तम. घाटाला एकच वळण ठेवलंत हे विशेष आवडलं.

धुक्याचं असं: तुम्ही उभे आहात ती जागा स्वच्छ असेल आणि ढग खाली असतील तर जरूर उडवा, पण ढगाच्या वरच राहा. त्यात शिरायचं नाही. आत शिरलात की ड्रोन नजरेआड, पंखे आणि सेन्सर ओले, आणि तापमान शून्याच्या जवळ असेल तर पंख्यांच्या कडांवर बर्फ धरतो. बर्फानं उचल झपाट्यानं कमी होते आणि स्क्रीनवर त्याचा स्पष्ट इशारा येत नाही.

ऊन लागलं की ढगांचा थर हलायला लागतो आणि दरीतून वर येतो, आधी सांगितलेल्या चढत्या वाऱ्याबरोबरच. म्हणून एकानं स्क्रीनकडे न बघता फक्त थराच्या काठाकडे बघत राहायचं. काठ तुमच्याकडे सरकायला लागला की बॅटरी कितीही शिल्लक असो, ड्रोन लगेच उतरवायचा. उतरवल्यावर पंखे आणि बॅटरीची खाच कोरड्या फडक्यानं पुसा, आणि पिशवीत भरण्याआधी थोडा वेळ उघड्यावर सुकू द्या.

परतल्यावर याच धाग्यावर फोटो टाका. किनाऱ्यावर दहा वाजता वारा किती होता तेही लिहा, पुढच्यांना कामाला येईल.